बॅटरी पिणारी डबी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी नांदणारी लेक माहेरी आणायची, तर माहेरच्या माणसाने मुराळी होऊन तिच्या दारात उभं राहावं लागतं. "बस एसटीत आणि ये" असं फोनवर सांगून खानदेशात भागत नाही. शिरपूरजवळच्या खेड्यातल्या सुनंदाबाईंचे मालक होते तोवर वरणगावला दिलेल्या लेकीला, रूपाला, आणायला तेच जायचे. ते वारले, आणि पुढच्या आखाजीला "जातो, जातो" म्हणणारे धाकटे दीर मगनभाऊ ऐनवेळी गेलेच नाहीत. इकडे गावात झोके चढले, गाणी झाली, आणि तिकडे रूपा भरलेली पिशवी मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून राहिली. हे कळल्यावर सुनंदाबाई आपल्या केळीच्या मळ्यात जाऊन पोटभर रडल्या.

पण नुसतं रडून गप्प बसणारी ही बाई नव्हे. त्यांनी धुळ्याच्या एका नोकरदाराची जुनी पांढरी गाडी घेतली, शिरपूरला जाऊन चालवायला शिकल्या, आणि चारचौघांत सांगून टाकलं, "यंदा मनी पोरले लेवाले मीच जासू!"

गाव हसलं. गावाला काय, हसायला पैसे पडत नाहीत. मगनभाऊ पारावरून म्हणाले, "बाईमाणूस कधी मुराळी व्हस का?"

आणि नेमकी गाडीच दगा द्यायला लागली. आठवडाभर उभी राहिली की बाजाराच्या दिवशी चावी फिरवली तरी ढिम्म! मग पोरं धक्का मारायची, गाडी खोकत सुरू व्हायची. नवी बॅटरी घातली, तरी तेच. सुनंदाबाईंनी मग आपलं डोकं लावलं. लांबच्या मजलेआधी बैलाला विसावा देतात, तसा त्यांनी गाडीला दिला. आखाजी जवळ आली तशी गाडी धुतली, गोधडीने झाकली, बाजारालासुद्धा काढली नाही. आणि सणाच्या आदल्या दिवशी मोठ्या हौसेने चावी फिरवली, तर दिवासुद्धा लागेना. जितका विसावा तितकी गाडी मेलेली!

"गाडीले भी समजस, वहिनी," मगनभाऊ कुंपणापलीकडून म्हणाले. सुनंदाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्यांनी शिरपूरहून हसनैन मिस्त्रीला बोलावलं. त्याने बॅटरी चार्ज केली, तपासली, डोकं खाजवलं. "अक्का, बॅटरी तं नवीच शे. आजून एक बदलाडी दखूत का?"

आणि तिथे सुनंदाबाईंच्या डोक्यात उजेड पडला. मळ्यातली ठिबकची टाकी सकाळी रिकामी दिसली, तर कुणी टाकी बदलतं का? कुठली नळी गळते ते शोधतात. एकेक नळी बंद करत जायचं. जी बंद केल्यावर गळती थांबते, ती चोर.

"गाडी बंद शे, तरी कोनी तरी पी राह्यनं," त्या म्हणाल्या. "एकेक बंद कर!"

हसनैनला हे एकदम पटलं. त्याने मीटर लावला. गाडी बंद असूनही काटा वर होता. त्याने एकेक फ्यूज काढायला सुरुवात केली. दिवे, पंखा, रेडिओ, काही केल्या काटा हलेना. सुनंदाबाई स्टिअरिंगखाली वाकून हात फिरवत होत्या, तर बोटांना एक काळी डबी लागली, चांगली कोमट. त्यांनी ती हिसकून काढली, आणि हसनैन ओरडला, "पडना! काटा पडना, अक्का!" काटा सरळ शून्यावर आला होता.

गाडीच्या धुळ्याच्या जुन्या मालकाला फोन लावला तेव्हा उलगडा झाला. गाडी किती फिरते हे बघायला विमा कंपनीने ती डबी बसवली होती. तो विमा कधीच संपला होता. कुणाला काही कळवायचं उरलं नव्हतं, तरी डबी आपली बसल्या जागी रात्रंदिवस बॅटरी पीत होती. "आयतखाऊ मेली!" म्हणत सुनंदाबाईंनी ती उकिरड्यावर फेकली आणि खळखळून हसल्या.

आखाजीला पहाटे एका चावीत गाडी सुरू झाली. मगनभाऊ दात घासत बघत राहिले. चोपडा, यावल, भुसावळ करत सुनंदाबाई वरणगावला रूपाच्या दारात उतरल्या, तेव्हा मान ताठ होती.

"माय, तू उनी?" रूपा धावत येऊन गळ्यातच पडली.

तिच्या सासूबाई, शेवंताबाई, दारात आल्या. मुराळ्याला द्यायची टोपी आणि टॉवेल ताटात तयार होते. त्या गाडीकडे बघत म्हणाल्या, "मुराळी कुठे आहे?"

"मीच," सुनंदाबाई म्हणाल्या.

शेवंताबाईंनी ताट उचललं. मग पुढे होऊन त्यांनी ती टोपी सुनंदाबाईंच्या डोक्यावर, पदरावरूनच, नीट बसवली. रूपा हसता हसता रडायला लागली.

जेवणं झाली, पिशव्या गाडीत गेल्या. शेवंताबाई मात्र गाडीच्या दाराला धरून उभ्याच होत्या.

"चोपडा वाटेवरच लागतं ना?" त्या हळूच म्हणाल्या. "माझं माहेर आहे तिथे. भाऊ गेल्यापासून मला न्यायला कोणी आलं नाही."

सुनंदाबाईंनी मागचं दार उघडलं. "बसा, विहीणबाई. मुराळी आलाय."