शोभाताईच्या अक्षरातली वही

हे मी आईलाही सांगितलेलं नाही. आधी इंग्रजीत लिहायला बसले होते — शाळा, कॉलेज, नोकरी सगळं इंग्रजीतच झालं माझं — पण इंग्रजीत मला स्वतःला अलगद सोडवून घेता येतं. तेच तर काम करते मी रोज. म्हणून मराठीत. इथे लपायला माझ्याकडे शब्द कमी आहेत.

तुम्ही मला ओळखत असाल तर म्हणाल, ही? ही तर तोंडातून शब्द काढत नाही. खरं आहे. हे सगळं त्या न बोलण्यातूनच सुरू झालं. आणि मग एकदा, फक्त एकदा, मी आपणहून बोलले.

तीन वर्षांपूर्वी पणजीच्या एका कंपनीत लागले. कोणाला हॉटेल काढायचं असेल तर तिथे गिऱ्हाईक मिळेल का, हे आधी शोधून द्यायचं, हे आमचं काम. पेडण्याच्या बाजाराजवळ एक इमारत अर्धवट पडून होती. विमानतळ झाला तसं तिच्या मालकाला तिथे हॉटेल करावंसं वाटू लागलं. पर्यटक बाजारात कशाला उतरतील? ते केरीला जाणार, समुद्रावर. मग उरतात कामाची माणसं — तुयेच्या कारखान्यांत यंत्रं बसवायला येणारे, माणसांना शिकवायला येणारे, सोमवारी येऊन शुक्रवारी जाणारे. ते किती येतात, कुठे राहतात, काय मागतात, हे ऑफिसा-ऑफिसांत जाऊन विचारायचं होतं. आमचे साहेब हैदराबादचे. म्हणाले, तू तिथलीच आहेस ना, तूच जा.

गेले. पहिल्याच गेटवर कोण हवंय म्हणून रखवालदाराने विचारलं, "कोण जाय?" आणि मी म्हटलं, चुकून आले. दुसऱ्या गेटवर तेवढंही म्हणवलं नाही. बसस्टॉपवर जाऊन बसले. चार दिवस असेच गेले आणि फॉर्म कोरेच राहिले. दुपारी मात्र वेळेवर जेवायला जायची — वत्सलाकाकीकडे.

काकी आईची मैत्रीण. बाजारामागे तिचं घर, वर चार खोल्या. त्या ती तुयेला येणाऱ्या साहेब लोकांना द्यायची, खाली पंगतीला जेवण. काका गेल्यावर तिचं सगळं त्याच्यावरच चाललेलं. आणि स्वयंपाकाला शोभाताई. सातार्ड्याहून सकाळच्या बसने यायची, अकरा वर्षं. काकीला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून पाहुण्यांची वहीसुद्धा शोभाताईच लिहायची. कोण, कुठल्या कारखान्यात, किती रात्री — आणि खाली तिच्या मनाने आणखी काहीबाही. ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. ती बघायची आणि लिहायची.

माझे कोरे फॉर्म काकीने पाहिले. हसली. "ऑफिसां कित्याक फिरतंस गो? ही वही घे. हंय सगळे गावतले."

किती सहज दिली! हॉटेल कोणाच्या पोटावर येणार, हे तिच्या ध्यानात आलं नसेल. माझ्या आलं होतं? आलं होतं. मी वही पिशवीत घातली.

आता नीट सांगते, कारण इथेच मला शब्द फिरवायचा मोह होतो आहे. फॉर्मला कारखान्यांची नावं आणि रात्री एवढंच हवं होतं. तेवढंच उतरवून थांबता आलं असतं. पण खालच्या ओळी वाचताना मला वाटलं, आमच्या साहेबांना हे आवडेल. नायर साहेब, कोरा चहा, बिनसाखरेचा, उठल्याबरोबर. सोमवारी मासे नाहीत. दौऱ्यावरून उशिरा आले तर जेवण नको, पेज आणि लोणचं. अमुक साहेबांना उशी पातळ लागते. मी सगळ्याचं इंग्रजी केलं. सुंदर इंग्रजी. मीटिंगमध्ये साहेबांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं आणि म्हणाले, "हिची नजर बघा." माझी. मला आयुष्यात कोणी असं म्हटलं नव्हतं. मी खाली बघितलं, आणि त्यांना तो विनय वाटला.

हॉटेल झालं. उद्घाटनानंतर काही आठवड्यांनी साहेबांबरोबर मीही गेले. खाली चहा घेत होतो. पलीकडच्या टेबलावर नायर साहेब. वेटरने काही न विचारता त्यांच्यापुढे कोरा चहा ठेवला. त्यांनी घोट घेतला, चकित झाले, आणि मला पाहून — काकीच्या पंगतीतली ओळख — म्हणाले, "यांना कसं कळलं? काकींच्या घरासारखंच." ट्रेवर एक छोटं कार्ड होतं. त्यावर माझं वाक्य. जसंच्या तसं, माझ्या स्वल्पविरामासकट.

मला काय वाटलं होतं? की आपला अहवाल कुठल्यातरी कपाटात जाईल? पुढे कळलं, हॉटेलच्या मॅनेजरने त्यातल्या एकेका कारखान्याला फोन केला होता. वहीतल्याच क्रमाने.

काकीच्या चारही खोल्या दोन महिन्यांत रिकाम्या झाल्या.

इथवरचं मी कदाचित कोणाला सांगितलंही असतं. लाजऱ्या मुलीची चूक. कामाचा भाग. खरी गोष्ट याच्यापुढे आहे.

एका शनिवारी काकीकडे गेले. ती मागच्या दारात सुकी सुंगटं, वाळवलेली कोलंबी, निवडत बसली होती. शोभाताई पाव आणायला गेलेली. नायर साहेब निरोप घ्यायला येऊन गेले होते, आणि त्यांनी बिचाऱ्यांनी सगळं कौतुकाने सांगितलं होतं — चहा, पेज, सगळं. काकी म्हणाली, "घरातल्याच कोणीतरी सांगल्यान. भायल्यांका कशी कळतली पेज?" वर बघितलं. "तुका काय वाटता गो?"

माझ्यावर तिचा संशय नव्हता. हे मी पुन्हा पुन्हा तपासलं आहे. तिच्या डोळ्यांत तसं काहीच नव्हतं. वही मला दिली होती हे ती विसरली असेल, किंवा नावं आणि रात्री एवढंच मी घेतलं असं समजली असेल. मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. गप्प राहणं तर मला येतं ना? जन्मभर तेच केलं आहे.

मी म्हटलं, "शोभाताईची भाची लागली ना त्या हॉटेलात?"

लागली होती. चादरी बदलायला. वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. कोणी माझ्याकडून काढून घेतलं नाही, कोणी धमकावलं नाही. विचार करायलाही मी थांबले नव्हते — ते तयार होतं. माझ्या आत कुठेतरी आधीपासून तयार होतं. त्याचा धक्का मला अजून बसतो. दात घासताना बसतो, बसमध्ये बसतो. ती मी होते.

काकीचा सुंगटातला हात थांबला. तेवढ्यात शोभाताई पाव घेऊन आली, मला म्हणाली, "इलंस? बस, च्या टाकतंय." आणि मी बसले. तो चहा मी प्याले.

पुढच्या शनिवारी शोभाताई नव्हती. काकीने तिला कारण सांगितलं नाही. उद्यापासून येऊ नको, एवढंच. हे आईकडून कळलं. आईने हळहळून सांगितलं, आणि मी ताटातला भात कालवत राहिले. आता शोभाताई सातार्ड्यालाच एका काजूच्या कारखान्यात बिया फोडते. एकदा पेडण्याच्या स्टँडवर दिसली. काजूच्या टरफलांच्या तेलाने बोटं काळी झालेली. तिने हात पदराखाली घेतला आणि विचारलं, "जेवलंस मां?" मी मान हलवली.

काकीच्या वरच्या खोल्यांत हल्ली कोकमं पसरलेली असतात. ती एकटी जेवते. शोभाताईचं नाव निघालं की म्हणते, अकरा वर्षं घरात वावरली, आणि बघ. मी तिथेच असते. बघते.

मला बढती मिळाली. आता दुसऱ्या गावांचे अहवाल करते.

एक राहिलं. ती वही उतरवताना शेवटून दुसऱ्या पानावर मला माझं नाव सापडलं होतं. पाहुण्यांच्या यादीत, तसंच, शोभाताईच्या गोल अक्षरात. सायली. बोलत नाही. भातावर दुसऱ्यांदा कढी लागते, पण मागणार नाही. विचारू नये, वाढावी.

तेवढ्या पानाचं मी इंग्रजी केलं नाही.