गेमच्या डब्याची घरघर

माझा आवाज मोठा आहे, हे मला मान्य आहे. मार्गासनीत आमची भाताची गिरण आहे. घर आणि गिरण यांच्यामध्ये एकच भिंत, आणि लग्न मोडून माहेरी आल्यापासून ती गिरण मीच चालवते. पट्टा फिरायला लागला की शेजारी उभ्या माणसालाही ओरडून सांगावं लागतं. मग गिरण बंद झाली तरी घसा काही खाली येत नाही. "अगं, म्या हितंच हाय," असं आई दिवसातून दहा वेळा म्हणते.

आण्णा म्हणजे माझे वडील. त्यांनी उभा जन्म टेम्पो चालवला. आमच्याच गिरणीचा तांदूळ भरून पुण्याला न्यायचा, येताना ज्याचं त्याचं सामान आणायचं. गेल्या दसऱ्याच्या सुमारास त्यांना लकवा मारला. उजवा हात अधू झाला, बोटं जेमतेम हलायची, आणि बोलणं गेलं. अगदीच गेलं असंही नाही. ओठ हलायचे, आतून काहीतरी पुटपुट यायची, पण शब्द हाती लागायचा नाही. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी निघताना मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "ते काहीही बोलले तरी उत्तर द्या. उत्तर मिळालं नाही की पेशंट बोलायचं सोडून देतात, आणि एकदा सोडलं की परत आणणं फार अवघड." ते ऐकून मी घरी आले, आणि घर कसलं, तर जिथं कुणाचंच कुणाला ऐकू जात नाही.

धाकटा भाऊ पुण्यात असतो. संक्रांतीला येताना त्यानं आपला जुना गेमचा डबा आणला. काळा, चपटा, टीव्हीला जोडायचा, आणि दोन्ही हातांत धरायला बटणांचं एक यंत्र. आण्णांची बोटं हलती राहतील, म्हणाला. मी म्हटलं, वा, आता म्हातारपणी हे दिवस. पण त्यात गाड्यांची शर्यत होती. घाटाचा रस्ता, आठ गाड्या, उजव्या हाताच्या बोटानं खटका दाबला की गाडी पळायची. पहिल्याच वळणावर आण्णांनी गाडी थेट झाडावर घातली आणि खुदकन हसले. दसऱ्यानंतर पहिल्यांदा हसले. मी गिरणीत जाऊन पोत्यावर बसून पोटभर रडले. त्यात लाज कसली?

दुपारी जेवायच्या वेळेला गिरण दोन तास बंद असते, तेव्हा खेळ. शर्यत सुरू व्हायच्या आधी पडद्यावर तीन, दोन, एक असे आकडे येतात. त्या वेळी आण्णा काहीतरी म्हणायचे. दर वेळी, नेमकं तिथंच. बाकीच्या सात गाड्या सुसाट सुटायच्या आणि यांची जागच्या जागी. मी मागून ओरडायची, "दाबा आण्णा! दाबा की!" मग बऱ्याच वेळानं ते दाबायचे. मला वाटायचं, बोटापर्यंत हुकूम पोचायला वेळ लागतोय. पण ते म्हणतात काय? कान लावला तरी कळायचं नाही, कारण शर्यत उघडताना डब्यातला पंखा असा घरघरायचा की शेजारची बाई विचारायची, आज दुपारचीही गिरण चालू का? अर्ध्या तासात डबा तापायचा, पडद्यावर इशारा यायचा आणि सगळं बंद.

होळीच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं की आण्णांची पुटपुट कमी होत चाललीय. आधी प्रत्येक शर्यतीला ओठ हलायचे, आता चारातून एकदा. माणूस काहीतरी सांगतोय, आपण उत्तर देत नाही, आणि तो सोडून द्यायला लागलाय. तेव्हा ठरवलं, हा डबा गप्प करायचाच.

पहिली गुन्हेगार घरातच सापडली. आमच्या घरात प्रत्येक वस्तूला झबलं असतं. मिक्सरला आहे, टीव्हीला आहे, फ्रिजच्या मुठीलासुद्धा आहे. आईनं डब्यालाही लोकरीचं गुलाबी फुलांचं झाकण विणलं होतं, पुढं फक्त दिव्यापुरती जागा ठेवून, आणि ते लेवून डबा शोकेसमध्ये काचेच्या दाराआड बसला होता. मी म्हटलं, "आई, त्याला थंडी वाजतीय व्हय?"

"धूळ बसंल की," आई म्हणाली. "गिरणीचं घर हाय."

तिचं चुकत नव्हतं, पण झाकण काढलं. डबा शोकेसमधून बाहेर काढला, टीव्हीपुढच्या टेबलावर गरम पातेलं ठेवायची लोखंडी अडणी ठेवली आणि तिच्यावर डबा मांडला. खालून हवा लागली. घरघर थोडी कमी झाली, गेली नाही. भावाला फोन केला, त्यानं चित्राची झगमग कमी करायला सांगितली. तीही केली. घाटातली झाडं पुसट झाली, आण्णांनी माझ्याकडं वळून असं पाहिलं की जणू मीच तोडली.

मग मी स्वतःचं शहाणपण चालवलं. गिरणीची मोटर साफ करायचा ब्लोअर आहे माझ्याकडं. तो आणला आणि डब्याच्या जाळीला लावून सोडला भर्रकन. आतला पंखा किंचाळला, थोडा भुसा उडाला, मी खूश. दुसऱ्या दिवशी घरघर दुप्पट आणि डबा दहा मिनिटांत बंद. आई सूप घेऊन आली आणि वारा घालत बसली. मी म्हटलं, अगं तांदूळ आहे का तो पाखडायला? ती म्हणाली, "तू फुकून बिघडवलास, म्या पाखडून सुदारते." त्या दिवशी आण्णांचे ओठ एकदाही हलले नाहीत.

शेवटी गोधडीत गुंडाळून डबा स्कूटीवर नसरापूरला नेला, एका मोबाईल दुरुस्तीवाल्याकडं. त्यानं चार स्क्रू काढले, वरचं कवच उचललं आणि माझ्याकडं बघत बसला. म्हणाला, "ताई, ह्यात तांदूळ सडता का?" पंख्याच्या पात्यांवर कोंड्याचा पिवळा थर चिकटला होता. तांदळाच्या कोंड्याला तेल असतं, तो हवेनं उडत नाही, बसतो तो बसतोच. ही गोष्ट भोर-वेल्ह्यात माझ्याइतकी कुणाला ठाऊक असेल? आणि मीच तो ब्लोअरनं आतपर्यंत ठासला होता. त्यानं पाती पुसली, जाळ्या ब्रशनं घासल्या, मुख्य चिपवरची वाळून खडखडीत झालेली पेस्ट खरवडून नवी लावली. निघताना म्हणाला, भिंतीपलीकडून कोंडा येतोय तोवर हे परत होणार. घरी आल्यावर आईनं जुन्या सुती लुगड्याचं धडपं भिजवून, पिळून गिरणीकडच्या खिडकीला लावलं. कोंडा त्याला चिकटायचा आणि आत येणारा वाराही गार लागायचा. ते ती रोज धुते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गिरण थांबवली. आण्णांना खुर्चीत बसवलं, हातात यंत्र दिलं. आई त्यांच्या मागं चटईवर ताट घेऊन तांदळातले खडे वेचत बसली. डबा सुरू केला. हिरवा दिवा लागला, आणि बाकी आवाज काहीच नाही. टीव्हीचा आवाज मी आधीच बंद केला होता. खोलीत इतकं गप्प मी कधी ऐकलं नव्हतं. मलाच भीती वाटली, की आता ते बोललेच नाहीत तर?

तीन, दोन, एक. गाड्या सुटल्या. आण्णांची जागेवरच. मी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांचे ओठ हलले.

"बसलीस का?"

बोबडं होतं, पण सगळंच्या सगळं ऐकू आलं. मला आधी वाटलं, मलाच विचारतायत. आईचा हात ताटात थांबला होता. लग्न होऊन आल्यापासून आण्णा तिला मोटारसायकलवर मागं घेऊन भोरच्या बाजाराला जात. ती पदर गोळा करून, नीट टेकून "बसले" म्हणेपर्यंत गाडी जागची हलायची नाही. टेम्पोत शेजारी बसली तरी तेच. हे आम्ही भावंडांनी हजारदा पाहिलं होतं. दोन-अडीच महिने हा माणूस तेच विचारत होता, उत्तराची वाट बघत खोळंबत होता, आणि मी त्याच्या मागं उभी राहून दाबा, दाबा म्हणून बोंबलत होते.

आईनं ताट खाली ठेवलं. पदर सावरला. म्हणाली, "बसले. चला."

आण्णांनी खटका दाबला. एका झटक्यात, काही वेळ न लावता.

शर्यतीत शेवटचा नंबर आला. आई डोळे पुसत चहा टाकायला आत गेली आणि दुसरी शर्यत लागली. आकडे सरले, आण्णांनी विचारलं, "बसलीस का?" आणि थांबले. गाड्या सुटून वळणाआड गेल्या. मी ओरडले नाही. उठून स्वयंपाकघरात गेले, गॅस बंद केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा आईच्या कानाशी जाऊन हळू म्हणाले, "आई, आण्णा थांबलेत." ती ओल्या हातांनीच बाहेर आली, चटईवर बसली आणि म्हणाली, "बसले." तोवर पुढं रस्त्यावर एकही गाडी उरली नव्हती. आण्णा निवांत निघाले.