पडद्यावर दिसलेले बाबा

गुडघ्याचं दुखणं वाढलं म्हणून साहेबांनी मला चौकातल्या ट्रॅफिक ड्युटीवरून हलवलं आणि पोलीस ठाण्यात कॅमेऱ्यांच्या खोलीत बसवलं. घरच्यांना बरं वाटलं. ऊन टळलं, धूळ टळली. मला मात्र तिथे घडीभर चैन पडत नव्हतं. समोर मोठा पडदा, त्यात मलकापूरचे रस्ते चौकोन पाडून मांडलेले. बसस्टँड, स्टेशनचा रस्ता, बाजार, हायवेकडचं वळण. कापसाचे दिवस होते. जिनिंग गिरणीकडे निघालेल्या ट्रॉल्या दोन्ही अंगांनी फुगलेल्या असायच्या आणि त्यांच्यामागे अख्खा रस्ता तुंबायचा. चौकात असते तर धावत जाऊन एकेकाला मागे सारलं असतं. इथे नुसतं बघायचं आणि वायरलेसवर सांगायचं. सांगेपर्यंत निम्मं होऊन गेलेलं असायचं.

त्या दिवशी सकाळपासूनच स्टेशनच्या रस्त्यावर कोंडी होती. माझी नजर या चौकोनातून त्या चौकोनात पळत होती. तेवढ्यात गर्दीच्या कडेने एक राखाडी स्कूटर पुढे सरकली. हेल्मेटच्या मागे लाल रेडियमची आडवी पट्टी. ती मीच चिकटवली होती. बाबा होते.

बाबांची सगळी नोकरी एसटीच्या स्टेअरिंगवर गेली. राजूर घाटातून भरलेली गाडी ते अशी उतरवायचे की झोपलेल्या माणसाची झोप मोडू नये. त्यामुळे ते स्कूटरवर बाजारात निघाले की घरात कुणी काळजी करत नसे.

डावीकडून कापसाची ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर आला. बाबांनी मान वळवली नाही. वेगही कमी केला नाही. डावीकडे काही नाहीच अशा थाटात ते सरळ चौकात शिरले.

"बाबा, डावीकडे!" मी पडद्यावर ओरडले. शेजारी बसलेला शिपाई दचकून उठला. मी वायरलेसचं बटण दाबलं. "स्टेशन चौक, ट्रॅक्टर थांबव! आधी ट्रॅक्टर थांबव!"

चौकातला सहकारी ट्रॅक्टरच्या पुढ्यात धावला. ट्रॅक्टर गचकन थांबला, वरचा कापूस एका बाजूला कलला. त्याचं पुढचं चाक स्कूटरला निसटतं लागलं असावं, कारण बाबा आडवे झाले. मग माणसं धावली आणि पडद्यावर नुसती डोकी दिसू लागली. त्या पडद्याला आवाज नाही. कुणी रडतंय की ओरडतंय, काही कळेना. शिपायाने माझ्याकडे पाहिलं आणि मोटारसायकलची चावी उचलली. "चला ताई, मी सोडतो."

आम्ही पोचलो तेव्हा बाबा पानटपरीच्या बाकावर बसले होते. कोपर खरचटलेलं, शर्ट मातीत माखलेला. ते ट्रॅक्टरवाल्यावर ओरडत होते.

"हॉर्न काऊन नाही वाजवला बे?"

तो बिचारा रडकुंडीला आला होता. "वाजवला ना काका! वाजवून वाजवून थकलो. तुम्ही पाह्यलंच नाही माह्याकडे."

बाबांनी माझ्या सहकाऱ्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली, "हो काका, वाजवला त्याने." मग त्यांना मी दिसले.

"तू कशी आली एवढ्या लवकर?"

"कॅमेऱ्यात दिसले तुम्ही मले."

मी त्यांना घरी आणलं. ताट पुढे आलं, तसं त्यांनी ते सरकवलं. "म्हणजे तू मले रोज पाहून राह्यली होती काय?"

"रोज नाही, बाबा. मी रस्ता पाह्यते. त्यात तुम्ही येता."

"एवढी वर्षं गाडी चालवली मी. पोरीनं नजर ठेवावी अशी पाळी आली आता."

"डावीकडचा ट्रॅक्टर दिसला होता का तुम्हाले? खरं सांगा."

त्यांनी खरचटलेल्या कोपरावर फुंकर घातली. मग हळूच म्हणाले, "समोरचं चांगलं दिसते. बाजूचं नाही दिसत. हॉर्न तं कोंडीत चारीकडून वाजते, कोणता आपल्यासाठी हे पाह्यल्याशिवाय समजत नाही. लय दिवस झाले. मले वाटलं, समोरचं दिसते तर चालते."

मला राग आला, रडू आलं. मी त्यांना डोळे दाखवायला घेऊन गेले.

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नव्हती. उरलेली रोज थेंब टाकून सांभाळायची. गाडी कायमची बंद. परतीच्या एसटीत बाबा ड्रायव्हरच्या अगदी मागे बसले. घाट लागला. प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय खालचा पत्रा दाबत होता. मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे चौक परत मागितला.

"आणि गुडघा?"

"तो दुखू दे साहेब. बसून पाहवत नाही मला."

आता मी चौकात असते. बाबा पायीच बाजारात जातात, डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे पूर्ण मान वळवून दोन्हीकडे पाहतात आणि मगच रस्ता ओलांडतात. माझी मदत त्यांना खपत नाही. स्कूटर विकायचा विषय काढला की उठून जातात. रोज सकाळी ती अंगणात उभ्या जागी सुरू करतात. "बॅटरी उतरते," म्हणतात. इंजिन बंद झाल्याचं ऐकू येईपर्यंत माझ्या हातातला घास तसाच राहतो.