रस्त्यावरचं मीठ

दादा फौजेत गेला, त्या हिवाळ्यात पुलगावजवळच्या आमच्या घरात माजघरभर कापूस साठला होता. सत्तरच्या दशकातली गोष्ट. शाळेतून आले की मी त्या ढिगात गुडघ्यापर्यंत पाय खुपसायचे, डोळे मिटायचे आणि स्वतःला सांगायचे, हाच दादाचा बर्फ. उबदार होता तो बर्फ, काय करणार!

मायला वाचता येत नसे, म्हणून त्याची पत्रं मी वाचायचे. एकात त्यानं लिहिलं होतं, इथं डोंगरात रस्ता गोठतो, गाड्या घसरतात, म्हणून आम्ही रोज सकाळी ट्रकमध्ये मागं उभं राहून फावड्यानं मीठ टाकतो.

"मीठ? रस्त्यावर?" मायची भाकर तव्यावरच करपली. आमच्याकडे सांडलेलं मीठ मेल्यावर पापणीनं उचलावं लागतं म्हणत. माझ्या हातून चिमूटभर सांडलं तरी ती एकेक खडा वेचायला लावी, वर चार शब्द ऐकवी. आणि हिचा लेक फावड्यानं सांडतोय!

"किती जनम पुरतीन त्याले?" म्हणत ती रडायलाच लागली. मला मेलीला हसू आवरेना.

त्या दिवसापासून तिनं मीठ सोडलं. लेकाचं पाप आपण फेडायचं, एवढंच तिला कळत होतं. हिवाळाभर अळणी वरण, अळणी भाजी. बाबा चिडले, पण ती कुणाचं ऐकते! सकाळी धुक्यातून, तुरीच्या शेताच्या धुऱ्यावरून ती यायची, तेव्हा अर्धी इथं, अर्धी कुठंतरी असल्यासारखी दिसायची. मग माझं हसू कुठल्या कुठं जाई. ती विरून जाईल अशी भीती वाटायची मला.

उन्हाळ्यात दादा सुट्टीवर आला. जेवताना त्यानं मायच्या ताटातला घास उचलला.

"माय, तू अळणी काऊन खाऊन राह्यली?"

तिनं ताट जवळ ओढून घेतलं. मीच सगळं सांगून टाकलं. वाटलं, तो खो खो हसेल. त्याचा हात ताटातच थांबला.

"एक दिवस मीठ कमी पडलं, माय. वळणापर्यंत टाकलं, पुढं नाई. माझा जोडीदार गाडी घेऊन पुढं गेलता."

"मग?" मी विचारलं.

त्यानं पाण्याचा गिलास उचलला आणि तसाच खाली ठेवला.

सुट्टी संपली. मायनं त्याच्या ट्रंकेत लाडवांच्या डब्याशेजारी एक जड गाठोडं ठेवलं. त्यानं सोडून पाहिलं, तर खडेमीठ.

"पुरलं नाई तर हे टाकजो," ती म्हणाली. "पापाचं मी पाहीन."