हिरव्या चादरीखालचा सौदा

बाबालालभाईंच्या उजव्या मांडीतून मी घातलेली वायर पोटाशी येऊन अडली. डाव्या मांडीतही तेच. आयुष्यभराच्या बिड्यांनी दोन्हीकडच्या रक्तवाहिन्या चोंदल्या होत्या.

कॅथलॅबच्या टेबलावर ते पूर्ण जागे होते. कोडोलीचे म्हशींचे दलाल. सकाळी गोठ्यात एकाएकी वाचा गेली, उजवा हात लुळा पडला. मानेतून मेंदूला रक्त नेणारी डावी कॅरॉटिड जवळजवळ बंद झाली होती. तिथं स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, बसवायची होती. आम्ही सहसा मांडीतून शिरतो. रस्ता रुंद आणि सरळ असतो. तो बंद असेल तर मनगट, नाहीतर कोपर, अगदीच अडलं तर थेट मान. उशीर होईल तसा मेंदू मरत जातो, आणि मेलेला भाग परत येत नाही. दलालाची वाचा आणि हात दोन्ही गेले तर उरलं काय?

बाहेर त्यांचा धाकटा भाऊ दिलावर उभा होता. मी म्हटलं, "उजव्या मनगटातून जाते."

"मनगट न्हाय, म्याडम. त्यो सौद्याचा हात हाय. त्येला भोक पाडायचं न्हाय."

जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकतात आणि आत बोटं धरतात. जितकी बोटं धरली तितका भाव वर.

"दिलावरभाई, तो हात आत्ता माशीसुद्धा हाकलू शकत नाही."

"मग डाव्यातनं जावा की."

"तिकडून वळण फार अवघड आहे. उजवीकडून सोपं जाईल. भाईंच्या छातीतल्या मोठ्या रक्तवाहिनीची कमानच तशी आहे. आम्ही तिला बोव्हाईन आर्च म्हणतो. गाईसारखी कमान."

"गाय?" दिलावर दुखावला. "आमी म्हशीवालं हाय."

मला राग आला आणि हसूही. "सही करा. म्हशीचं नंतर बघू."

त्यानं केली. मनगटातून वायर अलगद वर गेली, डावीकडे वळली, स्टेंट बसला. स्क्रीनवर मेंदूच्या डाव्या भागात रक्त सुळकन पसरलं. रक्त थांबवायला मनगटावर पट्टा आवळून मी हिरव्या चादरीखाली हात घातला आणि माझी बोटं भाईंच्या उजव्या मुठीत दिली. ताकद तपासायची आमची साधी रीत.

"दाबा."

दोन बोटं हलकेच धरली गेली. इतका आनंद झाला म्हणून सांगू!

"अजून."

तिसरं बोट.

"अजून, भाई, अजून."

चौथं. मग अख्खा पंजा.

"फस्क्लास. झालं काम."

भाईंनी माझा हात दाबून सोडला आणि समाधानानं डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी राउंडला गेले. भाई माझ्याकडे बघून जड जिभेनं, पण स्पष्ट बोलले, "म्याडम, म्हस कवा नेताय?"

वाचा परत आली होती. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मग प्रश्न डोक्यात शिरला. "कुठली म्हैस?"

दिलावर म्हणाला, "काल चादरीखाली सौदा झाला न्हवं? दादा म्हनत्यात, एवढी वर्सं धंदा केला, पर मी भाव सांगतोय आनि गिऱ्हाईकच 'अजून, अजून' करतंय, असं पैल्यांदाच बघितलं."

"अहो, मी हाताची ताकद बघत होते."

"ताकद हाय म्हनून तर सौदा झाला की."

"मी तिसऱ्या मजल्यावर राहते, भाई."

भाईंनी जरा विचार केला. "लिफ्ट हाय न्हवं?"

भाई स्वतःच्या पायांनी घरी गेले. पुढं बाजारातही बसायला लागले. म्हैस त्यांच्याच गोठ्यात आहे, माझ्या नावानं, आणि लाथा झाडते असं कळतं. मी आता बोटं हातात देण्याआधी पेशंटचा धंदा विचारून घेते.