रायपूरच्या गच्चीवरचा हट्टी पाहुणा

तमाम नागपूरकरांस अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, रायपूरचा कावळा नागपूरचा वडा सहजासहजी खात नाही. ब्राह्मणपाऱ्यातल्या (पारा म्हणजे मोहल्ला) एका गच्चीवर दीड तास उन्हात उभं राहून मी हे स्वतः सिद्ध केलेलं आहे.

या मोहिमेला कारण माझा मामा, आईचा धाकटा भाऊ. रेल्वेच्या नोकरीसाठी रायपूरला गेला आणि तिथे कबीरपंथी झाला. गळ्यात तुळशीची कंठी, तोंडी ‘साहेब बंदगी’, आणि कुणी श्राद्धाचा विषय काढला की फराळाचं ताट बाजूला सारून वाद. शेवटच्या दिवाळीत मला म्हणाला होता, “अबे, मी कावळा होऊन आलो तरी तुह्या वड्याले चोच लावणार नाही.”

गेल्या वर्षी तो गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे दहावं झालंच नाही. आईच्या मते तेव्हापासून भाऊ उपाशी आहे. म्हणून वर्ष भरताना तिने वड्यांचा डबा देऊन मला गाडीत बसवलं आणि जाहीर केलं की त्या दिवशी कावळा शिवल्याचा फोन येईपर्यंत ती पाणीही घेणार नाही. आईचं वय एक्क्याऐंशी. माझं म्हणाल तर कावळ्यांवर माझा पूर्ण विश्वास आहे; मामावर कधीच नव्हता.

डोंगरगडची टेकडी गेली, भिलाईची धुराडी गेली, आणि रायपूर आलं. शहर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालेलं. माझ्या हातातला डबा बघून रिक्षावाल्याने विचारलं, “मंत्रीजी के यहाँ जाना है, भैया?” वाटेत त्याने मला तीन निरनिराळ्या इमारती दाखवल्या आणि तिन्ही वेळा मंत्रालय इथेच होणार असं छातीठोकपणे सांगितलं. रस्ता मात्र सगळीकडे सारखाच खणलेला होता. हादऱ्यांनी डब्यातले दोन वडे तिथेच कामी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामीने फरा (तांदळाच्या पिठाचे वाफवलेले मुटके) खाऊ घातला. खाली मामाच्या वर्षाची कबीरपंथी पूजा होती: पिठाचा चौक मांडलेला, नारळ, विड्याची पानं, पांढऱ्या कपड्यांतले महंत. भजन रंगात आल्यावर मी डबा घेऊन गच्चीवर सटकलो.

पत्रावळीवर वडा ठेवला. पाण्याच्या टाकीवर एक कावळा येऊन बसला आणि बसूनच राहिला. आपल्याकडे कावळा शिवला नाही की गेलेल्याची राहिलेली इच्छा ओळखून वचन द्यायचं असतं. मी सुरुवात केली. मामीची काळजी घेईन. दिवाळीत वाद घालणार नाही. दोहे पाठ करीन. कावळ्याने चोच आधी उजवीकडून पुसली, मग डावीकडून. वादाला बसण्यापूर्वी मामा चष्मा अगदी असाच पुसायचा. मेल्यावरही माणसाने किती छळावं!

तेवढ्यात मागून मामीचा आवाज आला. “काहून रे, भजन सोडून इथं काय करून राहिला?”

पत्रावळ तिला दिसलीच होती. मी सगळं कबूल केलं. तिचा चेहरा लाल झाला. दहावं केलं नाही म्हणून वर्षभर साऱ्या नातेवाइकांची बोलणी तिने एकटीने ऐकली होती. “मी त्यांचा शब्द राखला,” ती म्हणाली, “अन् तू चोरून डबा घेऊन आला?”

मी एवढंच सांगितलं की आईने सकाळपासून पाणी घेतलेलं नाही.

साडेअकरा वाजले होते. मामीने टाकीकडे बघून एकच वाक्य टाकलं. कावळा खाली उतरला, वडा उचलला आणि शेजारच्या पत्र्यावर जाऊन निवांत खात बसला. मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथकडे धावलो. पलीकडे भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज ऐकला तेव्हाच मी फोन ठेवला.

परतीच्या गाडीत हिशेब लागेना. तीस वर्षांच्या वादात जिंकलं कोण? मामाने माझ्या एकाही वचनाला भीक घातली नाही, म्हणजे शब्दाला जागला. तरी जेवला.

घरी पोचल्याबरोबर आईने विचारलं, कोणतं वचन दिलं तेव्हा शिवला? वचन कोणीच दिलं नाही, मी म्हणालो. श्राद्ध न मानणारी मामी गळ्यातली कंठी मुठीत धरून टाकीवर खेकसली होती:

“अहो, खाऊन घ्या ना चुपचाप! ताई उपाशी बसून राहिल्या तिकडे.”