शेप्याचा सत्कार

आमच्या नर्सरीच्या उद्घाटनाला मी भाषण केलं नसतं, तर आज आमच्याकडे शेप्या आंब्याचं एक रोप असतं.

शेप्या म्हणजे माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या, माहेरचा रायवळ आंबा. वाईजवळ, घरामागच्या परड्यात होता. त्याच्या रसाला शेपूचा वास येई. (शेपूला आंब्याचा आला असता तर मी काही बोललो नसतो!) मेव्हण्यानं बंगल्यासाठी झाड पाडलं. त्याआधी सुनंदानं काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून कडेगावला आणल्या आणि कलमं बांधली. एकच जगलं. त्या नादात पेरू झाले, चिकू झाले, लोक मागायला लागले आणि नर्सरी उभी राहिली. पण जीव त्या एका रोपात. संध्याकाळी त्याचं पान हलकेच चोळून हुंगायची.

"रस काढताना आईच्या हाताला असाच वास यायचा."

मीही हुंगलं. मला शिंका आल्या.

उद्घाटनाला एक पुढारी आणला. नर्सरीत रोपांइतकेच फ्लेक्स होते. (फ्लेक्सना पाणी घालावं लागत नाही, एवढाच फरक.) माइक हातात आला आणि मला पर्यावरण सुचलं!

"शाल-श्रीफळ नको! पाहुण्यांना आपण रोप देऊ!"

टाळ्या पडल्या. त्या थांबायच्या आत रोप हवं होतं. पूजेच्या पाटाशेजारी हळदकुंकू वाहिलेली कुंडी दिसली. उचलली, दिली, फोटोसाठी हसलो. फोटोत मागे सुनंदाही आहे. ती हसत नाही.

गर्दी पांगल्यावर ती एवढंच म्हणाली, "आवं, शेप्या होता तो."

पुढाऱ्याच्या ड्रायव्हरला गाठलं.

"रोप व्हय? ते सायबांनी त्याच दिशी पुढच्या कार्यक्रमात दिलं की! विट्याला एक बाई रिटायर झाल्या, त्यास्नी."

"अहो, पण ते आमचं..."

"ह्या गावचं त्या गावाला, असंच चालतंय वो. नशीब समजा! लय रोपं डिकीतच वाळत्यात."

बाईंचं घर सापडेपर्यंत पंधरवडा गेला. रोप अंगणात लावलेलं होतं आणि त्याला तांबूस पालवी फुटली होती!

"एवढ्या वर्षांत सत्काराला जिवंत असं हे पहिलंच मिळालं," बाई म्हणाल्या.

मी अडखळत खरं काय ते सांगितलं. शेपूचा वासही सांगितला.

"शेपू? आमच्यात कुणी तोंडात धरत नाही," बाई म्हणाल्या. "खुशाल घेऊन जा."

मी आनंदानं खुरपं मागितलं. सुनंदा खाली बसून बोटांनी माती चाचपत होती.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मुळं धरलीत त्यानं. पुन्हा माहेर नका सोडायला लावू त्याला."

मग बाईंकडे वळून म्हणाली, "मोठं झालं की दोन काड्या तेवढ्या द्या."

मोठं व्हायला अवकाश आहे. तोवर दर रविवारी आम्ही शेणखत घेऊन विट्याला जातो. मी आळं करतो, पाणी घालतो. सुनंदा पायरीवर बसून बाईंना त्या परड्याबद्दल सांगत राहते. झाड पडलंय हे मात्र ती अजून सांगत नाही.

परवा शेजारच्या गृहस्थांनी कुंपणावरून हाक मारली, "ओ माळी, आमच्या बागंत कवा येताय?"

मी कोण आहे ते सुनंदानं सांगावं म्हणून तिच्याकडे पाहिलं. ती वाईला पोचलेली होती. तिला परत आणायचं माझ्या जिवावर आलं.

मी गृहस्थांना मंगळवार दिला.